बुलाकच्या गच्चीवरची झग्रूता

"जीभ आत! आत घे म्हणते ना! बाहेर काढून काय चाटायचंय तुला?"

नबवियानं शाहिनाझची हनुवटी चिमटीत गच्च धरली होती. कैरोतल्या आमच्या बुलाक वस्तीची गच्ची, भर दुपार, दोरीवर वाळत घातलेले लांब झगे, आमचे गालाबिये, कोपऱ्यात कबुतरांचं माणसाएवढं उंच लाकडी खुराडं. आणि मधोमध काळी मिलाया, ती बायकांची लांब चादर, अंगाला गुंडाळून, पायात कुणाची तरी उसनी चप्पल घालून, घामानं काजळ गालापर्यंत उतरलेली शाहिनाझ रिफ्की. हो, तीच. जिचं पोस्टर खाली गल्लीच्या तोंडाशी डकवलं होतं. जिच्या सिनेमाच्या तिकिटासाठी कैरोपासून बगदादपर्यंत लोक एकमेकांचे शर्ट फाडायचे, ती बाई नबवियासमोर आ वासून उभी होती.

"लू... लूऊ... आ..."

"थांब, थांब. मांजर बुडतंय पाण्यात."

"नबविया, जीभ दुखली गं माझी."

"दुखू दे. तोंडातच आहे ना अजून? मग चालव."

नबविया तिला झग्रूता शिकवत होती. लग्न ठरलं, पोर जन्मलं, तुरुंगातून कुणी सुटून आलं की आमच्या बायका तोंडावर हात आडवा धरतात आणि जीभ तोंडातल्या तोंडात नाचवत लूलूलूलू करत जो लांबलचक आवाज सोडतात, पार नाईलच्या पलीकडं पोचणारा, ती झग्रूता. आमच्या पोरींना बोलायच्या आधी ती येते. शाहिनाझला येत नव्हती. आणि गुरुवारी तिला ती अख्ख्या देशासमोर काढायची होती.

झालं होतं असं. नवा सिनेमा लागणार, त्याचा मोठा जलसा गुरुवारी थिएटरात, आणि रेडिओवर तो थेट ऐकवणार. रेडिओवरच्या त्या निवेदकाला कुणी विचारलं नव्हतं, तरी ह्यानं आधीच सांगून टाकलं, 'जलशाची सुरुवात खुद्द शाहिनाझ रिफ्की आपल्या झग्रूतेनं करतील! तीच झग्रूता, जिच्यावर तुम्ही जीव टाकता!' झालं. लोकांनी रेडिओ पुसून ठेवले.

आणि ती झग्रूता शाहिनाझची नव्हतीच. कधीच नव्हती. ती नबवियाची होती.

ही नबविया कोण, ते सांगतो. बाप नाईलवर होडी हाकायचा, तापानं गेला. आई त्याच्यामागून लगेच गेली. नबविया मावशीचा पदर धरून इमाद-एद्दीन रस्त्याजवळच्या त्या कहवाखान्यात जायला लागली, जिथं सिनेमाचे एक्स्ट्रा सकाळपासून बसून असतात. स्टुडिओचा माणूस येतो, बोट करतो, "तू, तू, आणि ती जाडी." ती जाडी म्हणजे नबविया. जाडी बिडी काही नव्हती, हाडानं रुंद होती. अंत्ययात्रेत रडणारी बाई, बाजारात भांडणारी बाई, लग्नात हीरोवर मीठ ओवाळून टाकणारी बाई, सगळं केलं तिनं. सगळ्या सिनेमांत मिळून एकदाच बोलायला मिळालं होतं, "अरे बापरे, पोलीस!" तेच गल्लीतली पोरं ती दिसली की मागून ओरडायची. ती चप्पल काढायची.

शाहिनाझ अलेक्झांड्रियाची. नन लोकांच्या शाळेत फ्रेंच शिकलेली, पियानो वाजवणारी. पण पहिल्याच सिनेमात ती बुलाकची पोरगी झाली, कमरेला ओढणी बांधून अशी काही नाचली, अशी काही भांडली, की निर्मात्यानं मासिकात छापून आणलं, 'ही बुलाकच्या हमामवालीची पोर.' लोकांनी मानलं. लोकांना मानायचंच होतं. तेव्हापासून ती बाहेर कुठं फ्रेंच बोलली नाही, आणि काट्या-चमच्यानं जेवली तर दार लावून जेवली.

त्या पहिल्या सिनेमातच घोळ झाला. लग्नाचा सीन. नवरीची मैत्रीण बनलेली शाहिनाझ झग्रूता काढणार आणि मिरवणूक हलणार. शाहिनाझनं तोंड उघडलं, आतून किटलीची वाफ निघाली. पुन्हा, पुन्हा वाफ. दिग्दर्शकानं डोकं धरलं. उन्हात उभ्या एक्स्ट्रा बायकांचे पाय सुजले. शेवटी मागच्या रांगेतल्या नबवियाचा धीर सुटला आणि तिनं जी सोडली! आवाजाच्या मशीनवर बसलेले अम्म बिशारा कानावरचे डबे काढून उभेच राहिले.

"कोण होती ती?"

सगळ्यांनी नबवियाकडं बोट दाखवलं. तिला वाटलं, गेलं काम.

काम गेलं नाही. त्या दिवसापासून शाहिनाझ तोंड उघडायची आणि नबविया आवाज काढायची. दर सिनेमात. कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी. आणि नबवियानं खरंच कुणाला सांगितलं नाही. सिनेमाला गल्लीतल्या बायकांसोबत बसायची. पडद्यावर शाहिनाझची झग्रूता झाली की शेजारची उम्म लुत्फी तिला कोपरानं ढोसायची, "ऐकलंस? ह्याला म्हणतात बाईचा घसा! तू शिक जरा. तुझी ऐकून आमच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या."

नबविया कलिंगडाच्या बिया सोलत म्हणायची, "खरंय गं बाई."

का गप्प बसायची? भीतीनं? छे. शाहिनाझसाठी. एका सिनेमात हीरोनं नबवियाच्या थोबाडीत मारायचं होतं. तो मोठा माणूस, हात राखायचं नाव नाही, आणि दर वेळी म्हणायचा, "मजा नाही आली, परत." नबवियाचा गाल टोमॅटोसारखा झाला. शाहिनाझ खुर्चीत बसून बघत होती. उठली, चालत गेली, त्या हीरोच्या फाडकन कानाखाली दिली आणि म्हणाली, "आता आली मजा? चला, पुढचा सीन." त्यानंतर नबवियाला कुणी शाहिनाझबद्दल वाकडं बोललेलं चालायचं नाही. कहवाखान्यात एकानं बोलून पाहिलं, त्याच्या डोक्यावर चहाचा ट्रे गेला.

म्हणून गुरुवार तिच्या घशात अडकला होता.

"मी पडद्यामागं उभी राहते ना," ती पहिल्यांदा म्हणाली होती.

"नाही," शाहिनाझ म्हणाली. "उघडा स्टेज आहे, पडद्यामागं पत्रकार. दुसरा काही उपाय नाही नबविया. मलाच काढायची आहे. जमलं नाही तर मासिकवाले मला उघडी पाडतील. बुलाकची पोर, आणि झग्रूता येत नाही! दुसऱ्या दिवसापासून कुणी दारात उभं करणार नाही."

म्हणून ही गच्ची. पुरुष कामावर, बायका चुलीशी, ह्या वेळेला वर कुणी येत नाही. आवाज जाऊ नये म्हणून नबविया मधेमधे तिच्या तोंडावर टॉवेल दाबत होती.

"तू लाजतेस," नबविया म्हणाली. "हेच चुकतंय. जीभ नाही चुकत. झग्रूता लाजून निघत नाही. मनात कुणाचं तरी चांगलं झालेलं असावं लागतं."

"कुणाचं?"

"कुणाचंही! शेजारणीची बकरी व्याली तरी चालतं. रिकाम्या मनानं काढायला गेलीस तर वाफच निघणार."

शाहिनाझ खुराड्याला टेकून खाली बसली. टॉवेलमध्येच रडायला लागली. म्हणाली, "माझ्या घरात कुणी कधी काढलीच नाही. आई म्हणायची, हे मोलकरणींचे आवाज."

नबवियाला तेवढं पुरलं. तिच्या डोक्यात एकदम ऊन चढलं, त्या आईवर, त्या हीरोवर, त्या रेडिओवाल्यावर. "मोलकरणींचे? ऐक मग मोलकरणीचा!" आणि तिनं तोंडावर हात आडवा धरला, डोळे मिटले, आणि सोडली.

टॉवेल बिवेल काही नाही. पूर्ण घशानं.

शाहिनाझच्या अंगावर काटा आला. नबवियानं डोळे उघडले, आणि तिच्याही अंगावर आला, पण दुसऱ्याच कारणानं. कारण समोरच्या खिडकीतून उत्तर आलं. लूलूलूलू! मग डावीकडून. मग खालून. मग मागच्या गल्लीतून, जिथं कुणाला काही माहीत असायचं कारणच नव्हतं. आमच्या बुलाकमध्ये झग्रूता ऐकली की आधी उत्तर द्यायचं, कुणाचं काय झालं ते मग विचारायचं. भांडी पडली, दारं आपटली, जिन्यावर चपला वाजायला लागल्या.

"या अल्ला," नबविया म्हणाली. "मी काय केलं हे!"

"कोण येतंय?"

"सगळे! शीर, आत शीर!"

आणि तिनं देशातल्या सगळ्यात महागड्या नटीला मानेला धरून कबुतरांच्या खुराड्यात कोंबलं.

सगळ्यात आधी उम्म लुत्फी पोचली. एका हातात साखरेचा पुडा, दुसऱ्या हातात लाल सरबताची बाटली, धाप लागलेली, तरी मधेमधे एकेक झग्रूता सोडतच होती. मागं गल्लीतल्या अर्ध्या बायका.

"कुणाचं गं? कुणाचं? बोल ना!"

खुराड्यात कबुतरं फडफडली, आतून कुणीतरी शिंकलं.

"ही कबुतरं का बोंबलतायत?" उम्म लुत्फी तिकडं वळली.

"अंड्यावर बसलीत! हात लावू नकोस!" नबविया मधे आडवी झाली.

"बरं बाई. पण झग्रूता कशाची?"

आता कशाचीच नाही असं म्हणायची सोय नव्हती. कारण नसताना झग्रूता काढणं म्हणजे वाईट शकुन, घरावर संकट बोलावणं. त्यात उम्म लुत्फीच्या पोरीला नववा महिना लागलेला. तिनं नुसतं ऐकलं असतं की नबविया उगीच ओरडली, तर तिनं नबवियाचा गळाच धरला असता, आणि तिचं चुकलंही नसतं. आणि खरं कारण सांगायचं, तर खुराड्याचं दार उघडावं लागणार. मग तासाभरात अख्खं बुलाक, आणि संध्याकाळच्या आत मासिकवाले.

"माझं," नबविया म्हणाली.

"तुझं काय?"

"ठरलं."

नबविया आणि लग्न? स्टुडिओत जाणारी बाई, वय उलटायला आलेलं, तोंड असं की पाणीवाला तिच्या दारासमोरून पळत जायचा.

"कुणाशी?"

नबवियानं कठड्यावरून खाली पाहिलं. खाली इस्त्रीवाल्या उस्ता शहाताचं दुकान. शहाता दारात उभा, एका पायाखाली लांब दांड्याची जड इस्त्री, समोर कुणाचा तरी पायजमा, आणि गाल पाण्यानं फुगलेले. आमचे इस्त्रीवाले पायानं इस्त्री दाबतात आणि तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारतात. एवढा गोंगाट कसला म्हणून तो तसाच, फुगलेल्या गालांनी, वर बघत होता. ह्या माणसानं नबवियाला दोनदा मागणी घातली होती. दोन्ही वेळा तिनं त्याला हाकललं होतं, दुसऱ्या वेळी तर झाडू घेऊन.

"शहाताशी," ती म्हणाली.

बायका कठड्यावर पडल्या. "उस्ता शहाता! खरं काय रे? नबविया म्हणते, तुमचं ठरलं!"

सगळी गल्ली त्याच्याकडं बघतेय. तोंडात पाणी, बोलता येईना. थुंकावं तर गिऱ्हाईकाचा पायजमा. त्यानं नबवियाकडं पाहिलं. नबवियानं वरून जे डोळे केले, तसे तिला कुठल्या दिग्दर्शकानं करायला लावले असते तर तिला हिरॉइन केलं असतं.

शहातानं घोट गिळला. अख्खा. मग म्हणाला, "हो. ठरलं."

मग काय! सरबत ढवळलं, खुर्च्या निघाल्या, कुणीतरी डफ आणला. सगळे खाली धावले. नबवियानं खुराडं उघडलं. शाहिनाझच्या केसांत पिसं, खांद्यावर कबुतराची शीट, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी.

"हसतेस काय! मिलाया डोक्यावरून घे, तोंड झाक, आणि माझ्यामागून गुपचूप सटक."

सटकते कसली. जिन्याच्या तोंडाशीच उम्म लुत्फीनं तिच्या हातात सरबताचा ट्रे दिला. "ए पोरी, तू कुणाची? नबवियाच्या मावशीकडची का? उभी काय राहिलीस, वाट हे!"

आणि शाहिनाझ रिफ्कीनं आमच्या गल्लीला सरबत वाटलं. तोंड झाकून, स्वतःच्याच पोस्टरखालून. तिथं बसलेला म्हातारा मोची पेला घेताना म्हणाला, "पोरगी कुठली गं ही? चालते बघ, जशी गरम वाळूवर!" नबवियाचं काळीज चपलेत गेलं होतं. शेवटचा पेला संपला, शाहिनाझनं ट्रे उंबऱ्यावर ठेवला आणि रस्त्याच्या गर्दीत मिसळून गेली.

मग नबविया शहाताच्या दुकानात घुसली.

"हे बघ शहाता. गुरुवारपर्यंत. फक्त गुरुवारपर्यंत. शुक्रवारी मी भांडण काढते, तू रागाव, मोडून टाकू. लोक म्हणतील, माझंच तोंड वाईट. चालेल मला."

"कारण?"

"ते विचारायचं नाही."

शहातानं निखारे फुंकले. "दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणालीस. कारण दिलंस?"

"नाही."

"मग मीही बिनकारणाचं हो म्हणतो. जा. त्या पायजम्याचे पैसे मात्र तुझ्याकडून. जळाला तो."

पण उम्म लुत्फी स्वस्थ बसू देते होय! तिनं लग्न पक्कं करायचा फातिहा वाचायला मुहूर्तच गुरुवार संध्याकाळ धरला. गल्लीत दिवे लागले, कहवाखान्याच्या बाहेर दोन खुर्च्या मांडल्या, नबवियाला गुलाबी झगा घालून बसवलं. शहाता शेजारी, स्वतःच इस्त्री केलेल्या कोटात, ताठ, हँगरवर टांगल्यासारखा. नबवियाच्या मामानं फातिहा वाचला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. नबवियाचं लक्षच नव्हतं. ती कहवावाल्याला ओरडत होती, "रेडिओ मोठा कर! अरे मोठा कर ना, बहिरा आहेस का?"

"नवरीनं ओरडू नये," उम्म लुत्फी दात चावून म्हणाली.

"मग तू ओरड!"

रेडिओ मोठा झाला. जलसा सुरू. टाळ्यांचा पाऊस, निवेदकाचं लांबण. मग तो म्हणाला, "शाहिनाझ रिफ्की!" आणि असा काही गलका उठला की रेडिओचा पुढचा कपडा थरथरला. चहाचे पेले हवेत थांबले. नबवियानं शहाताचं मनगट पकडलं, तिला कळलंही नाही.

रेडिओतून काहीच येईना.

कुणीतरी खोकलं, तिथं थिएटरात. अजून काहीच नाही. नबवियाचे ओठ हलत होते, "जीभ आत... जीभ आत ठेव गं..."

मग शाहिनाझचा आवाज आला. "माझ्या एका मैत्रिणीचं ठरलंय. बुलाकला राहते. नबविया नाव तिचं. ही तिच्यासाठी."

गल्लीतली सगळी डोकी एकदम वळली.

आणि ती आली. आधी बारीक, मधेच चिरकली, मोडली, नबवियाचं नख शहाताच्या मनगटात रुतलं, आणि मग त्या मोडक्या ठिकाणाहूनच तिनं पुन्हा पकड घेतली आणि वर गेली. सिनेमातल्यासारखी नाही. कच्ची, फाटकी, पण खरी. थिएटरातले सगळे गप्प झाले. पापणी लवेपर्यंतच, पण नबवियाला ते वर्षभरासारखं वाटलं. आणि मग तिथल्या एका बाईनं उत्तर दिलं. मग दुसरीनं. मग सगळ्या थिएटरनं. कुणाचं ठरलंय म्हटल्यावर उत्तर द्यायचं नाही, असं कसं होईल? आवाज कुणाचा, चिरकला का, हे बघत कोण बसतं!

नवरीनं स्वतःच्या ठरण्याला झग्रूता काढायची नसते, मान खाली घालून बसायचं असतं. नबविया खुर्चीवर चढली, गुलाबी झगा गुडघ्यापर्यंत खोचून, आणि रेडिओला उत्तर दिलं. पाठोपाठ गल्ली फुटली. मोचीनं चपला वाजवल्या. उम्म लुत्फी रडत होती आणि शिव्या देत होती, "मैत्रीण? शाहिनाझ तुझी मैत्रीण? आणि मला सांगितलं नाहीस, मेले?"

"कामावरची ओळख आहे गं," नबविया म्हणाली आणि धपकन खाली बसली.

शहातानं तिच्याकडं न बघता हळूच विचारलं, "ही तिची पहिलीच ना?"

"काय पहिली?"

"झग्रूता. सिनेमात तुझी असते."

नबविया त्याच्याकडं वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला काय पाहिजे? पाण्याच्या नळावर रोज सकाळी भांडतेस, तो घसा आणि तो घसा एकच. मी इस्त्री पायानं करतो, कान मोकळेच असतात." मग त्यानं मनगट चोळलं. "उद्या शुक्रवार."

"माहितेय."

"भांडण कशावरून काढणार आहेस?"

"बघते. सुचेल काहीतरी."

शुक्रवारी तिला भांडण सुचलं. ती भांडलीही, गल्लीला ऐकू जाईल असं, न्याहारीच्या फूलमध्ये, त्या शिजवलेल्या दाण्यांच्या उसळीत, मीठ जास्त पडलं यावरून. पण मोडायचं मात्र दोघांच्याही तोंडून आलं नाही. त्यानंतर ती दोघं आयुष्यभर भांडली, चार पोरं वाढवली. पुढच्या सिनेमांत शाहिनाझ आपली झग्रूता आपणच काढायची, चिरकणारी, आणि लोकांना तीच आवडायला लागली. नबविया मागच्या रांगेत उभी राहून उत्तर द्यायची. शाहिनाझबद्दल गल्लीत आजही कुणी वाकडं बोलत नाही. बोलून बघा.

मला एक गोष्ट फार उशिरा कळली. आवाजवाले अम्म बिशारा म्हातारे झाले होते, डोळे गेले होते, तेव्हा त्यांनी सांगितली. त्या गुरुवारी निर्मात्यानं त्यांना टेपच्या मशीनसकट थिएटरात बसवलं होतं. टेपवर नबवियाची झग्रूता भरून तयार होती, शाहिनाझनं नुसतं तोंड उघडायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. शाहिनाझला हे त्या गच्चीवर यायच्या आधीपासून माहीत होतं. स्टेजवर जायच्या आधी ती बिशारांजवळ थांबली, वाकली, आणि मशीनची वायर भिंतीतून उपटून त्यांच्या हातात दिली.